जुन्या गाडीचे लाईट गेले, फ्यूज टिकत नाही: नवीन लोकांसाठी शोधाशोधीची पद्धत

जुनी गाडी हातात आली की हे कधी ना कधी होतंच. रात्री निघालात आणि टेल लाईट गायब, किंवा हेडलाईट आपोआप बंद-चालू व्हायला लागले, मग सोबतचा कोणीतरी म्हणतो अरे फ्यूज गेला असेल, नवीन टाक. नवीन टाकला, तोही गेला. मग पुढचा सल्ला येतो, जरा मोठा टाक ना. इथे थांबा. मोठा फ्यूज टाकायचा नाही, आणि सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची तर अजिबातच नाही.

कारण फ्यूज बल्बला वाचवायला नसतोच, तो वायरला वाचवायला असतो. बल्ब गेला तर एक बल्ब गेला, पण वायर तापली तर ती एकटी जळत नाही, तिच्यासोबत टेपमध्ये गुंडाळलेल्या बाकी सगळ्या वायरी पण जातात. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या साध्या पीव्हीसी वायरींचे ढोबळ आकडे असे: १ चौरस मिमीची वायर साधारण पावणेनऊ अँप सतत सोसते, २ चौरस मिमीची साडेसतरा, ३ चौरस मिमीची साडेसत्तावीस. आता टेल लाईटच्या १ चौरस मिमी वायरवर कोणी ३० अँपचा फ्यूज बसवला असेल तर शॉर्ट झाल्यावर आधी काय वितळणार ते सांगायला नको. त्यात जुनं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं, काही गाड्यांत तर कापडाचं असतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. फ्यूज एकदा उडाला तर एकदाच नवीन टाकून बघा, तोही त्याच रेटिंगचा, म्हणजे तेवढ्याच अँपचा. दुसऱ्यांदा उडाला की फ्यूज टाकणं बंद, शोधणं सुरू.

हाताशी काय काय हवं

फार काही लागत नाही. एक साधा टेस्ट लॅम्प (टोकदार दांडी, आत छोटा बल्ब, मागे क्लिपवाली वायर), एक स्वस्तातला मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर किंवा पितळी तारांचा छोटा ब्रश, बरोबर रेटिंगचे चार-पाच फ्यूज, आणि तुमच्याच मॉडेलच्या तुमच्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. वर्ष महत्त्वाचं आहे, एकाच मॉडेलमध्ये मधेच फ्यूजबॉक्स बदललेला असतो आणि लोक दुसऱ्याच डायग्रामवर दोन दिवस घालवतात.

आणि एक वस्तू घरीच बनवायची. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. झालं. हा पुढे इतका कामाला येणार आहे की मीटर नसला तरी चालेल पण हा पाहिजे. गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्ब पण ६ व्होल्टचा घ्या.

काम सुरू करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवा. फ्यूजबॉक्स उघडून वायरी सोडवायच्या असतील तर आधी बॅटरीची अर्थ वायर (बॅटरीपासून गाडीच्या बॉडीला जाणारी) काढा, आणि अर्थ कुठली ते बघून काढा, कारण साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतो. आपण सवयीने निगेटिव्ह म्हणजे अर्थ धरतो आणि मग मीटर उलटं दाखवतो.

आधी हे बघा की तुमच्या गाडीत संरक्षण आहे तरी कुठलं

हे न बघताच लोक फ्यूज शोधायला लागतात. गंमत म्हणजे कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाईटला फ्यूजच नाही! एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच घ्या, हेडलाईटची लाईन सरळ स्विचमधून डिपर स्विचला आणि तिथून दिव्याला, मधे काही नाही. ल्युकास, म्हणजे ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी कंपनी, तिच्या जुन्या दोन फ्यूजवाल्या बॉक्सवर ए१-ए२ आणि ए३-ए४ असे टर्मिनल असतात, त्यात पहिला फ्यूज हॉर्नसारख्या कायम चालू असलेल्या गोष्टींना आणि दुसरा इग्निशन चालू केल्यावर चालणाऱ्या गोष्टींना, म्हणजे ब्रेक लाईट, इंडिकेटर, वायपर. तेव्हा ब्रेक लाईट, इंडिकेटर, वायपर तिन्ही एकदम गेले तर ए३-ए४ बघा, पण हेडलाईट गेले तर या बॉक्सकडे बघण्यात वेळ घालवू नका.

जर्मन आणि इटालियन गाड्यांत बहुतेक ते दोन्हीकडून टोकदार फ्यूज असतात, चिनी मातीच्या कांडीवर बाहेरून धातूची पट्टी. त्यांचा रंगच रेटिंग सांगतो: पिवळा ५ अँप, पांढरा ८, लाल १६, निळा २५. फोक्सवॅगन बीटलच्या १२ व्होल्टच्या गाड्यांमध्ये डावा डिपर, उजवा डिपर, डावा अप्पर, उजवा अप्पर असे वेगवेगळे फ्यूज दिलेत, फार शहाणपणाचं काम, एक उडाला तरी दुसऱ्या बाजूने रस्ता दिसतो.

अमेरिकन गाड्यांत तिसराच प्रकार. टेल लाईट, डॅशबोर्डचे दिवे हे काचेच्या फ्यूजवर, पण हेडलाईटला बऱ्याचदा फ्यूज नसून हेडलाईटच्या स्विचमध्येच सर्किट ब्रेकर बसवलेला असतो. त्यावर पुढे वेगळं लिहितो कारण त्याची लक्षणं वेगळी. काहींमध्ये बॅटरीजवळ फ्यूजेबल लिंक पण असते, म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेला वायरचा तुकडा. ती जळली तरी बाहेरून आवरण धड दिसू शकतं, पण हलकेच ओढून बघा, ताणली गेली तर आतली तार तुटलेली आहे.

आता रेटिंगची भानगड, आणि यात जुने जाणते पण फसतात. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं (आत कागदाची छोटी पट्टी असते, तिच्यावर), ते उडण्याचं रेटिंग आहे. म्हणजे ३५ अँपला उडणार, सतत फक्त १७ वाहणार. अमेरिकन काचेच्या फ्यूजवर जो आकडा असतो तो सतत वाहण्याचा. दोन्हीचा व्यास सारखा, लांबीत जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा फरक, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आरामात बसतो आणि दुकानदार ३५ मागितलं म्हणून अमेरिकन पद्धतीचा ३५ देतो. झालं, तुमचं संरक्षण एका झटक्यात दुप्पट सैल. ल्युकासच्या ३५ च्या जागी दुसरा टाकायचाच असेल तर १५ ते २० च्या आतला बघा. अमेरिकेत एसएफई नावाचा एक प्रकार होता, त्यात रेटिंग वाढलं की लांबी पण वाढते, ९ अँपवाला आखूड, २० वाला लांब, मुद्दाम, की चुकीचा फ्यूज क्लिपमध्ये बसूच नये. मला ही कल्पना फार आवडते.

फ्यूज काढून नीट बघा, तो बरंच सांगतो

उडालेला फ्यूज फेकू नका. काचेचा असेल तर उजेडासमोर धरा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर डेड शॉर्ट आहे, एकदम प्रचंड करंट गेला आणि तार वाफ होऊन काचेवर चिकटली. काच स्वच्छ आहे पण तार मधेच वितळून तुटली, टोकाला बारीक गोळा दिसतोय, तर हळूहळू ओव्हरलोड झालाय, म्हणजे त्या लाईनवर मूळ हिशोबापेक्षा जास्त लोड आहे. आणि तिसरा प्रकार, तार मधे शाबूत पण टोपीजवळ सुटलेली, टोपीचा रंग बदललेला, सोल्डर वितळलेलं. हा करंटचा दोष नाही, हा क्लिपचा दोष आहे. क्लिप गंजली, ढिली झाली, तिथे उष्णता तयार झाली आणि फ्यूज बाहेरून भाजला गेला. अशा वेळी नवीन फ्यूज टाकला तर चार दिवस चालतो आणि परत तेच, मग लोक महिनोन्महिने शॉर्ट शोधत बसतात जो कुठे नसतोच.

नुसतं डोळ्याने बघून फ्यूज चांगला आहे म्हणू नका. टोपीच्या आत तुटलेला फ्यूज दिसायला अगदी नवा असतो. काढून मीटर लावा.

फ्यूज जागेवर असताना टेस्ट लॅम्पची क्लिप चांगल्या अर्थला लावा (आधी तो बॅटरीवर पेटतो ना ते बघून घ्या), ज्या लाईनचा फ्यूज आहे तो स्विच चालू करा आणि चार ठिकाणी टोचून बघा: येणाऱ्या बाजूची क्लिप, येणाऱ्या बाजूची फ्यूजची टोपी, जाणाऱ्या बाजूची टोपी, जाणाऱ्या बाजूची क्लिप. बहुतेक लोक दोनच ठिकाणी बघतात. टोपीवर पेटतो आणि बाजूच्या क्लिपवर नाही, तर फ्यूज ठीक, मधला कॉन्टॅक्ट गेलाय. चारही ठिकाणी पेटला तरी पूर्ण खात्री धरू नका, कारण टेस्ट लॅम्पला करंट नगण्य लागतो, गंजलेल्या क्लिपमधूनही तेवढा जातो. लाईट चालू ठेवून मीटरचं एक टोक येणाऱ्या क्लिपवर, दुसरं जाणाऱ्या क्लिपवर लावा. शून्याच्या आसपास यायला हवं, एक दशांश व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट आला तर फ्यूज काढा, बॅटरी सोडा, क्लिपा घासून लख्ख करा आणि पकडीने किंचित आत दाबा. किंचितच, जुनं पितळ ठिसूळ असतं, मोडलं की नवीन बॉक्स शोधायची वेळ येते.

आता खरं काम: फ्यूजच्या जागी बल्ब

समजा टेल लाईटचा फ्यूज टाकल्या टाकल्या उडतोय. एकेक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा तो २१ वॅटचा घरगुती बल्ब घ्या आणि फ्यूज काढून त्याच्या दोन क्लिपांना त्याच्या दोन वायरी लावा. आता पूर्ण करंट या बल्बमधून जाणार, आणि कितीही डेड शॉर्ट असला तरी १२ व्होल्टला पावणेदोन अँपच्या आसपास, त्याहून जास्त जाऊच शकत नाही. वायर सुरक्षित, फ्यूज वाचले, आणि शॉर्ट अजून आहे की गेला हे तो बल्ब सतत सांगत राहतो.

पुढची पायरी लोक गाळतात आणि गोंधळतात. त्या लाईनवरचे सगळे बल्ब आधी काढून टाका: पुढचे पार्किंग, मागचे टेल, नंबर प्लेटचा, डॅशबोर्डचे त्याच लाईनवर असतील तर तेही. मग स्विच चालू करा. सगळे बल्ब काढलेले असताना आपला चाचणीचा बल्ब अजिबात पेटायला नको, कारण करंटला जायला रस्ताच नाही. पेटला, आणि झगझगीत पेटला, तर वायरीत किंवा होल्डरमध्ये शॉर्ट आहे हे नक्की. आता त्याला शोधायचं.

शोधताना अर्ध्यात तोडायचं. मागे जाणारी हार्नेस, म्हणजे टेपमध्ये गुंडाळलेली वायरींची जुडी, कुठेतरी कनेक्टरने जोडलेली असते, ब्रिटिश गाड्यांत गोळीसारख्या टोकाचे बुलेट कनेक्टर, रबरी नळीत खुपसलेले. तो कनेक्टर सोडवा. चाचणीचा बल्ब विझला? शॉर्ट मागे आहे. पेटलेलाच आहे? शॉर्ट पुढे किंवा डॅशबोर्डच्या मागे आहे. मग त्या अर्ध्याचा परत अर्धा. असं करत तीन-चार वेळा सोडवलं की तुम्ही एखाद्या हातभर वायरपर्यंत येता. मदतीला कोणी असेल तर त्याला बल्बकडे बघायला बसवा आणि तुम्ही हार्नेस ठिकठिकाणी हलवत जा, लुकलुकला की ओरडायला सांगा. खड्ड्यात गाडी गेल्यावरच उडणारा फ्यूज याच पद्धतीने सापडतो, दुसऱ्या कशाने नाही.

सगळे बल्ब काढल्यावर चाचणीचा बल्ब विझला असेल तर वायरी ठीक आहेत, दोष एखाद्या बल्बमध्ये किंवा बल्ब बसल्यावर होल्डर जसा दबतो त्यात आहे. मग एकेक बल्ब परत लावत जा. पहिला ५ वॅटचा टेल बल्ब लावला की तो जवळपास पूर्ण पेटेल आणि चाचणीचा बल्ब जेमतेम लालसर होईल किंवा काहीच दिसणार नाही, हे बरोबर आहे, घाबरू नका, दोघे एकामागे एक जोडलेत आणि छोट्याचा विरोध जास्त. जसजसे बल्ब वाढतील तसा चाचणीचा थोडा थोडा उजळेल आणि बाकीचे मंद होतील. पण एखादा बल्ब लावल्याबरोबर चाचणीचा एकदम भक्कन पेटला आणि बाकी सगळे मेले, तर तोच चोर.

हेडलाईटच्या लाईनवर हेच करायचं असेल तर २१ वॅटचा पुरत नाही, तिथे जुना ५५ वॅटचा हेडलाईटचा बल्ब वापरा. आणि हे बल्ब चांगलेच तापतात, सीटवर किंवा गालिच्यावर टेकवून ठेवू नका, काहीतरी धातूचं किंवा फरशीवर ठेवा.

काही जण विचारतात की मीटरने ओहम, म्हणजे विरोध, बघून शॉर्ट सापडणार नाही का? सापडतो, पण नवीन माणूस हमखास फसतो. थंड बल्बचा विरोध पेटलेल्या बल्बच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना सातएक ओहम असतो पण थंड असताना मीटर अर्धा-पाऊण ओहम दाखवतो. लोकांना वाटतं शून्य आलं, शॉर्ट आहे. नाही, तो बल्बच आहे. बल्ब काढल्याशिवाय ओहमवर विश्वास ठेवू नका.

शॉर्ट बहुतेक कुठे असतो

पहिला संशयित डिकीच्या झाकणाची बिजागरी. नंबर प्लेटचा दिवा झाकणावर असेल तर त्याची वायर प्रत्येक वेळी उघडताना वाकते, सरळ होते, वाकते, आणि दहा-वीस वर्षांनी आवरण फाटतं. याची खूण अशी की डिकी बंद केली की फ्यूज जातो आणि उघडी असताना सगळं छान, त्यामुळे तपासायला डिकी उघडली की दोष गायब. तेव्हा डिकी बंद ठेवूनही तपासा.

मग पत्र्यातून वायर जाते तिथला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेली रबरी रिंग. तो कडक होऊन गळून पडलेला असतो आणि वायर थेट पत्र्याच्या धारेवर घासते. नंतर टेल लॅम्पच्या आत, बल्ब होल्डरच्या तळाशी टर्मिनलखाली फायबरची किंवा पुठ्ठ्यासारखी चकती असते, ती ओलाव्याने कुजते आणि टर्मिनल बॉडीला टेकतं. बाहेरून काही दिसत नाही, बल्ब काढून आत बोटाने दाबून बघावं लागतं. हेडलाईटच्या वाटीमागे जास्तीची वायर कोंबलेली असते आणि रिंग घट्ट केली की चेपते. टो-बारचं (मागे ट्रेलर जोडायच्या दांड्याचं) सॉकेट असेल तर ते आधी सोडवा, चिखल-पाण्यात ते सगळ्यात आधी सडतं आणि शिवाय ते कोणीतरी नंतर बसवलेलं असतं. हीच गोष्ट फॉग लॅम्प, रेडिओ, रिव्हर्सचा दिवा यांची. जिथे कंपनीच्या रंगाची नसलेली वायर दिसते, जिथे टेप गुंडाळलेला जॉइंट दिसतो, तिथे आधी बघा. माझ्या अनुभवात मूळ वायरिंगपेक्षा मागच्या मालकांची कलाकारीच जास्त वेळा दोषी निघते.

डॅशबोर्डच्या मागचे छोटे बल्ब विसरू नका. मीटरच्या मागून होल्डर निसटतो आणि लटकत लटकत कुठेतरी ब्रॅकेटला लागतो. टेल लाईटचा फ्यूज उडतो आणि माणूस मागे शोधत बसतो.

हेडलाईट स्वतःहून बंद-चालू होतायत

अमेरिकन गाडीत हेडलाईट काही मिनिटं चालून बंद होतात, काही सेकंदांनी परत येतात, परत जातात, तर हा स्विचमधला ब्रेकर काम करतोय. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते, जास्त करंटने तापली की वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झाली की परत टेकते. मुद्दाम असं ठेवलंय, की वळणावर फ्यूज उडून एकदम काळोख होण्यापेक्षा लुकलुकत का होईना रस्ता दिसावा. याला टाइप १ म्हणतात, आपोआप परत चालू होणारा. टाइप २ एकदा सुटला की स्विच बंद करेपर्यंत परत जोडला जात नाही, आणि टाइप ३ ला बटण दाबून परत बसवावं लागतं.

इथे लोक काय करतात, ब्रेकर खराब झाला म्हणून नवीन स्विच टाकतात. कधीकधी तो खरंच म्हातारा झालेला असतो, पण आधी लोड मोजा. साधा हिशोब आहे, वॅट भागिले व्होल्ट. ६० वॅटचे दोन अप्पर म्हणजे १२० वॅट, १२ ने भागलं की १० अँप. कोणी हौसेने १०० वॅटचे बल्ब टाकले असतील तर तेच जवळपास १७ अँप झालं. ६ व्होल्टच्या गाडीत तर तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट, ४५ चे दोन म्हणजे १५ अँप. जास्त वॅटचे बल्ब आधी काढा, मूळ वॅटचे टाका, आणि मग बघा लुकलुकतं का. करंट प्रत्यक्ष मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पाहिजे. साध्या मल्टिमीटरची १० अँपची रेंज हेडलाईटला लावू नका, त्याचा आतला फ्यूज आधी जाईल.

मूळ बल्ब आहेत, लोड बरोबर आहे, फक्त अप्परवरच लुकलुकतंय, तर अप्परच्या लाईनवर कुठेतरी अर्धवट शॉर्ट शोधा. डिपरवर आणि अप्परवर दोन्हीकडे लुकलुकतंय आणि स्विचमागचा कनेक्टर तपकिरी झालाय, वितळलाय, तर स्विचच्या टर्मिनलवरच उष्णता तयार होतेय, मग मात्र स्विच आणि कनेक्टर दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. ब्रेकरच्या जागी साधा फ्यूज मात्र बसवू नका, कारण वर सांगितलंच.

फ्यूज ठीक, तरी उजेड नाही

हा दोष फ्यूजच्या नावावर उगाच जमा होतो. बहुतेक वेळा अर्थ. ब्रेक दाबला की इंडिकेटर पण मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लाईट त्याच तालावर कमी-जास्त होते, तर त्या दिव्याची अर्थ गेलीय आणि करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीचा रस्ता शोधतोय. दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकावर आणि दुसरं दिव्याच्या बॉडीवर धरा, एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त यायला नको. आलं तर दिवा जिथे पत्र्याला बसतो तिथला रंग, गंज घासा. पत्रा नुकताच रंगवलेला असेल तर हाच दोष, मी पैज लावतो.

दुसऱ्या बाजूने पण मोजा. हेडलाईट चालू, एक टोक बॅटरीच्या लाइव्ह टोकावर, दुसरं हेडलाईटच्या लाइव्ह टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) नसलेल्या जुन्या गाडीत एक-दीड सहज येतो. आणि हे कमी वाटलं तरी कमी नाही, दिव्याला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. मग स्विच, मजल्यावरचा पायाने दाबायचा डिपर स्विच (चिखल, पाणी सगळं त्याच्याच डोक्यावर), बुलेट कनेक्टर असं एकेक तुकड्यावर मीटर लावत जा, जिथे आकडा उडी मारेल तिथे घासा.

वायरी ओळखायला ब्रिटिश गाड्यांत रंग: तपकिरी कायम लाइव्ह, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनची पण फ्यूजनंतरची, जांभळी कायम लाइव्हची फ्यूजनंतरची, निळी हेडलाईटची, निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर, लाल पार्किंग आणि टेल, काळी अर्थ. जर्मन गाड्यांत टर्मिनलवर आकडे: ३० बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग-टेल.

ज्यांच्या हेडलाईटला फ्यूजच नाही त्यांनी

बसवून घ्या. मूळपणा जातो म्हणणारे असतात, पण रिले आणि फ्यूज लपवून बसवता येतात, मूळ हार्नेसला कात्री न लावता. पद्धत अशी की बॅटरीपासून जाड वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज, मग ती रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला मूळ हेडलाईटची वायर, ८५ ला अर्थ. अप्परला एक रिले, डिपरला दुसरा. आणि ८७ नंतर डावीकडे-उजवीकडे वेगवेगळा फ्यूज, ५५-६० वॅटच्या एका दिव्याला १० अँपचा पुरतो. एकच फ्यूज दोघांना दिलात तर तो उडाला की एकदम अंधार, म्हणजे फ्यूज नव्हता तेच बरं होतं असं वाटायची पाळी. पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर आत डायोड असलेला रिले घेऊ नका. आणखी एक फायदा, स्विचमधून आता दहा अँप जात नाहीत, रिलेपुरता थोडासा करंट जातो, त्यामुळे जुना मिळत नसलेला स्विच टिकतो.

दुरुस्त झालं असं वाटल्यावर

बरोबर रेटिंगचा फ्यूज टाका, इंजिन चालू ठेवा आणि सगळे दिवे एकदम लावा, ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा. पंधरा-वीस मिनिटं तसंच चालू द्या. मग बंद करून लगेच प्रत्येक फ्यूजच्या टोपीला बोट लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर ती क्लिप अजून नीट नाही. डिकी दोन-चार वेळा उघड-बंद करा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा कारण इंडिकेटर-डिपरच्या वायरी त्या खांबातूनच जातात, डॅशबोर्डखाली हात घालून हार्नेस हलवा. एवढं करून फ्यूज टिकला तर गाडी रात्री बाहेर काढायला हरकत नाही, पण सोबत बरोबर रेटिंगचे फ्यूज आणि तो २१ वॅटचा बल्ब ठेवा, आणि कुठला फ्यूज कशाचा आणि किती अँपचा ते कागदावर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवा, गाडीला पुढे कधी दुसऱ्या कोणी हात लावला तर तो निदान ३५ च्या जागी ३५ अमेरिकन तरी टाकणार नाही.